मुलाची मंजुरी

“झालं, लिओना, सगळं ठरलं,” गाडीच्या दुकानातला कर्ट म्हणाला. “तुमच्या मुलाशी बोललो मी. तो हो म्हणालाय.”

लिओना वासिलिक कागदी पेल्यातल्या कॉफीवर फुंकर घालत होती. ती फुंकर ओठांतच राहिली. मोठ्या काचेपलीकडे ऑक्टोबरातला बर्फ पडत होता, रेंगाळत, नाइलाजाने आल्यासारखा. गिऱ्हाइकांसाठी मांडलेल्या खुर्च्यांत ती एकटीच होती. समोरच्या टीव्हीवर आवाज बंद ठेवून एक बाई केकवर साखरेची फुलं काढत होती. लिओना आली होती ती तेल बदलून घ्यायला आणि हिवाळ्याची चाकं चढवून घ्यायला. दर वर्षी येते तशी. यात हो म्हणण्यासारखं काय होतं, आणि ते टेरीने, तिच्या मुलाने, तिकडे रिजायना शहरात आपल्या ऑफिसात बसून का म्हणावं, हे तिच्या ध्यानात येईना. पण ध्यानात यायच्या आधीच मानेमागची एक शीर ताठ झाली. काही अपमान असे असतात की ते डोक्यात शिरण्यापूर्वी अंगाला कळतात.

“कशाला हो म्हणाला?”

“इंधनाच्या सफाईला. म्हणजे टाकीपासून इंजिनपर्यंत नळ्या, इंजेक्टर, सगळं आतून धुऊन निघतं. चाकं झाली की लगेच घेतो. तासाभराचंच काम.”

“मला का नाही विचारलंत?”

“फाईलवर त्याचाच नंबर पहिला आहे ना,” कर्ट हसून म्हणाला. चाळिशीचा, नीट कातरलेल्या दाढीचा, कुणालाही आवडावा असा माणूस. “म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास.”

त्रास. हा शब्द तिला माणसांइतकाच ओळखीचा होता. टेरीच्या पाठचं मूल पोटातच गेलं, त्याच्या पाठचंही गेलं, तेव्हा डॉक्टर म्हणाला होता की आता पुन्हा नको, शस्त्रक्रिया करून टाकू. ती हो म्हणाली होती, अगदी स्पष्ट. तरी तो कागद तिच्या पलंगाला वळसा घालून तिच्या नवऱ्याकडे, ओरेस्टकडे गेला. ओरेस्ट हातात टोपी घेऊन भिंतीशी उभा होता. धान्याच्या कोठारातून तसाच आला होता, भुवयांवर गव्हाची धूळ होती. सही करताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याला लाज वाटत होती, आणि त्याची लाज पाहून तिलाच त्याची समजूत घालावीशी वाटली होती. “तुम्हाला कशाला त्रास,” डॉक्टर म्हणाला होता. पोट तिचं होतं. पुढे कितीतरी वर्षं आंघोळ करताना त्या व्रणावरून हात फिरला की तिला दुखणं आठवायचं नाही, तो कागद आठवायचा, पलंगाला वळसा घालून गेलेला.

आणि हे ‘लिओना’ कोण? सास्काटूनमध्ये निम्म्या गावाने तिला कोरड्या पडलेल्या घशाने ‘मिसेस वासिलिक’ म्हटलं होतं. तीसेक वर्षं ती वाहनपरवान्याच्या परीक्षा घेत होती. शेजारच्या आसनावर बसायचं, मांडीवर पाटी, आणि समोरच्या रस्त्याकडे पाहत राहायचं. सोळा वर्षांची पोरं, नुकत्याच आलेल्या परदेशी बाया, नवरा गेल्यावर साठीत चाक हाती घेणाऱ्या आज्या, सगळे तिच्या डाव्या हाताला घामाघूम होऊन बसलेले. चालवणाऱ्याच्या हातांकडे ती फारसं पाहायचीच नाही. आसनातून कळायचं. ब्रेक भीतीने दाबलाय की विचाराने, ते कमरेला कळायचं. “आज नाही,” ती म्हणायची. नापास हा शब्द तिने कधी वापरला नाही, पण ‘आज नाही’ म्हणताना तिचा आवाज कधी हललाही नाही. लोक रडले, एकाने तिला चेटकीण म्हटलं, एकीने चर्चमध्ये बोलणं टाकलं. कोणी गाडी चालवावी आणि कोणी नाही हे ठरवण्यात आयुष्य गेलेल्या बाईला आता स्वतःच्या गाडीत काय ओतावं हे ठरवता येत नव्हतं. गेल्या हिवाळ्यात कमरेचं हाड बदललं तेव्हा टेरी दोनदा गाडी इथे घेऊन आला होता. तेवढ्यात तो फाईलमध्ये शिरला, आणि ती तिच्याच फाईलमध्ये दुसरी झाली.

ती उठली. नवं हाड अजून उठताना क्षणभर विचार करून मगच साथ द्यायचं. तो क्षण तिने खुर्चीच्या हाताला न धरता जाऊ दिला.

“गाडीची तक्रार काय आहे?” तिने विचारलं.

“तक्रार अशी नाही. पण एवढी चालल्यावर आम्ही सुचवतो. घाण साचते, कार्बन धरतो—”

“धरलाय?”

“धरत असतो.”

“या गाडीत धरलाय का? पाहिलात तुम्ही?”

“आतलं असं दिसत नाही, लिओना.”

“म्हणजे न पाहता धुणार. आणि धुतल्यावर तो गेला की नाही?”

कर्टने दाढीवरून हात फिरवला. “तेही दिसत नाही. पण फरक जाणवतो. गाडी हलकी चालते.”

“गाडी ज्यांनी बनवली, ते सांगतात का हे करायला?”

“त्यांच्या पुस्तकात आपलं किमान दिलेलं असतं. आपल्याकडची थंडी त्यांना काय माहीत? हे आमचं सुचवणं आहे. डीलरचं.”

पुस्तक तिने वाचलं होतं. कमरेच्या त्या हिवाळ्यात खिडकीशी बसून बसून जीव विटला होता, तेव्हा गाडीच्या खणातलं पुस्तक तिने कादंबरी वाचावी तसं पहिल्या पानापासून वाचून काढलं. तेल कधी, हवेची जाळी कधी, प्लग कधी. पेट्रोल चांगल्या पंपावरचं घाला. या धुण्याचं नाव कुठे नव्हतं. पण पुस्तकाच्या आधी तिची कंबर होती, जुनी आणि नवी दोन्ही. आज सकाळीच नदीवरच्या पुलाआधी लाल दिव्याला ती थांबली होती, आणि गाडी इतकी गप्प होती की बंदच पडली असं वाटावं. तिने मुद्दाम हात चाकावरून उचलून मांड्यांवर ठेवले आणि खालून येणारी ती बारीक, अखंड थरथर ऐकली, झोपलेल्या मांजरावर हात ठेवल्यासारखी. कुठे ठेच नव्हती. चढावर ओढ होती. आणि हा माणूस म्हणत होता, आतलं दिसत नाही.

“मिसेस—लिओना, ऐका,” कर्ट आवाज खाली आणून म्हणाला. त्यात खरंच काळजी होती, हेच वाईट होतं. “तुम्ही एकट्या राहता. हायवेवर जाता. उणे तीसमध्ये मधेच कुठे बंद पडली तर? इंधन पोचलंच नाही तर? मी टेरीलाही तेच म्हटलं.”

“तेच म्हटलंत,” ती म्हणाली.

“हो. तो लगेच हो म्हणाला.”

म्हणणारच. ती परत खुर्चीत बसली, आणि कर्टला वाटलं असावं की म्हातारी वळली. तो “घ्या विचार करून” असं म्हणत काउंटरकडे गेला. तिच्या हातातली कॉफी निवली होती. दोन शब्द, हायवे आणि उणे तीस, एवढे त्या फोनमधून गेले असतील, आणि तिकडे अठ्ठेचाळीस वर्षांचा, केस विरळ झालेला, विमा कंपनीत बऱ्यापैकी वर चढलेला तिचा मुलगा झटक्यात बारा वर्षांचा झाला असेल. इंधनातलं पाणी नळीत गोठू नये म्हणून तो दर हिवाळ्यात स्वतःच्या टाकीत न चुकता पाणी शोषणाऱ्या औषधाची बाटली ओततो. गाडीत मेणबत्त्या, घोंगड्या, चॉकलेटं, फावडं. नाताळला तिला हातमोज्यांबरोबर त्या बाटल्याही भेट देतो, वर रिबिन बांधून. जो कोणी त्याला म्हणेल की इंधन अडकतं, त्याच्यापुढे टेरी खिसा उघडून उभा. त्याच्या बापाचं इंधन अडकलं होतं. असं त्याला सांगितलं होतं. असं सगळ्या वासिलिक घराण्याला, चर्चला आणि गावाला ठाऊक होतं.

फेब्रुवारीतलं वादळ. ओरेस्ट हमबोल्टहून पिकअप घेऊन निघाला तो पोचलाच नाही. गाडी सापडली रस्त्याच्या कडेला, दार बंद, आणि तो सापडला शेतात, कुणाच्या तरी आवारातल्या दिव्याच्या रोखाने चालत गेलेला. दिवा होता त्याहून जवळ दिसला असणार. वादळात दिसतो. ओरेस्टचा भाऊ वॉल्टर घरी आला, दारातच बुटांचा बर्फ न झटकता म्हणाला, “नळी गोठली, लिओना. इंधनाची नळी. कोणाचा काही दोष नाही.” आणि ते वाक्य घरात शिरलं, आणि बायकांनी उचललं, आणि अंत्यविधीच्या जेवणाला चर्चच्या हॉलमध्ये कोबीच्या पानांतला भात वाढता वाढता एकीने दुसरीला दिलं. नळी गोठली. देवाघरची थंडी, माणूस काय करणार. पण दरम्यान लिओना गॅरेजात जाऊन आली होती. पिकअप आणायला दुसरं कोण जाणार होतं? गॅरेजवाल्याने ती ओढून आणून रात्रभर उबेत ठेवली होती. त्याने तिच्याकडे न पाहता सांगितलं, “बाई, नळीत बर्फबिर्फ काही नव्हतं. टाकी कोरडी ठक्क होती.” त्याने तिच्यासमोर कॅन ओतला. ती आत बसली होती, चावी फिरवून. काटा तळाला टेकलेला होता, आणि ओतण्याच्या त्या घोगऱ्या आवाजाबरोबर तो हळूहळू, आजारी माणसाने मान उचलावी तसा उठला. इंजिन सुरू झालं. थोडं खोकलं आणि नीट चाललं. गाडीत ओरेस्टचा वास होता, तंबाखूचा आणि गव्हाच्या धुळीचा. तिने ती चालवत घरी आणली, आणि साऱ्या वाटेवर ती रडली नाही, शिव्या देत होती. “पोचतो ग,” म्हणायचा तो. प्रत्येक वेळी. पंपासमोरून जाताना ती म्हणायची, भर; तो म्हणायचा, पोचतो ग. त्याला थांबणं म्हणजे हरणं वाटायचं. सगळ्या जगाला ‘आज नाही’ म्हणणाऱ्या बाईचा नवरा रोज तिच्या शेजारी बसून नापास होत होता, आणि तिने त्याला पास केलं होतं, कारण तो हसायचा छान.

हॉलमध्ये तिने सांगितलं होतं. उभी राहून, मोठ्याने नाही, पण टेबलाला ऐकू जाईल असं. “नळी गोठली नव्हती. टाकी रिकामी होती. मी पाहिलं.” वॉल्टरने तिचा खांदा धरून तिला खाली बसवलं. “आज नको, लिओना.” सासूबाई रडू लागल्या. पाद्री म्हणाले, दुःखात माणूस काहीबाही बोलतो. आज नको म्हणाले, आणि मग तो दिवस कधी आलाच नाही.

तिने फोन काढला. टेरीने पहिल्या घंटीला उचलला. तो कायम असाच उचलायचा, दरीत पडणाऱ्याला हात द्यावा तसा.

“आई? काय झालं? ठीक आहेस ना?”

“मी ठीक आहे. गाडीही ठीक आहे. त्या माणसाला तू हो म्हणालास?”

“हो. तो म्हणाला आत घाण साचलीय—”

“साचते म्हणाला असेल. साचलीय कुणी पाहिलेलं नाही. त्याला फोन कर आणि नाही म्हण.”

“आई, पैसे मी देतोय.”

“पैशांचा प्रश्न नाही.”

“मग कसला आहे? तुझा आपला नन्नाचा पाढा! काठी नको, जिन्याला कठडा नको, आता हे नको. एक औषध सोडणार आहेत गाडीत, काही तुझं रक्त काढत नाहीत. थोडा माझा तरी विचार कर. तू तिकडे रस्त्यावर असतेस आणि मी इथे—”

“तुझाच विचार करतेय. टेरी, तुझा बाप नळी गोठून गेला नाही.”

पलीकडे कुणीतरी हसत होतं, कुठलंसं यंत्र कागद ओकत होतं. मग दार लावल्याचा आवाज आला आणि सगळं गप्प झालं.

“टाकी रिकामी होती,” ती म्हणाली.

“हे तू मला गाडीच्या दुकानातून सांगतेयस?”

“सुरुवात चर्चच्या हॉलमधून केली होती. तिथे मला खाली बसवलं. तू बारा वर्षांचा होतास, तुला घरी सांगितलं, तू कानांवर हात ठेवलेस. सतराव्या वर्षी सांगितलं, तू दार आपटून गेलास आणि दोन दिवस मित्राकडे राहिलास. आठवतं?”

“नाही.”

“मला आठवतं.”

“वॉल्टरकाका म्हणाला होता की—”

“काका गॅरेजात नव्हता. मी होते.”

“मग मी हे काय करतोय इतकी वर्षं?” त्याचा आवाज चिरकला. “दर थंडीत, प्रत्येक गाडीला—”

“ते तुझं तू बघ. बाटलीत वाईट काही नाही. पण तिने तो वाचला नसता. कशानेच नसता, पंपावर थांबला असता तरच. आणि मी मेले तर कशाने मरेन ते मला ठाऊक नाही, पण कुणी भीती घातली म्हणून तुझ्या सहीने माझी गाडी कोणी उघडायची नाही.”

“मला मीटिंग आहे,” टेरी म्हणाला, आणि फोन बंद झाला.

तिने फोन कोटाच्या खिशात घातला आणि ती काउंटरपाशी गेली. कर्टने पडद्यावरून डोळे वर केले.

“चाकं आणि तेल. बाकी काही नाही.”

“पण टेरीने अजून मला—”

“कर्ट, गाडी कुणाच्या नावावर आहे ते वाचा. मोठ्याने वाचा.”

त्याने वाचलं नाही, पण पाहिलं. मग मागे वळून काचेच्या खोलीत कोणी आहे का ते पाहिलं, आणि पुढे झुकला. “खरं सांगू? गाडी धक्के देत असती, सुरू व्हायला कुरकुरत असती, दिवा लागला असता, तर मी म्हटलं असतं, कराच. काही इंजिनांत झडपांवर खरंच थर धरतो, पण तो धरला तर उघडून खरवडावा लागतो, या धुण्याने जात नाही. हे आपलं सगळ्यांना सुचवायचं असतं. मला वरून विचारतात, किती जणांना विकलंस म्हणून.”

तिला त्याची कीव आली नाही. रागही आला नाही. तो चालवत होता त्यात भीती किती आणि विचार किती, ते तिला कळलं, एवढंच.

“सुचवा की,” ती म्हणाली. “सुचवायला माझी हरकत नाही. पण मला सुचवा. तो नंबर काढा तिथून. आत्ता, माझ्यासमोर.”

त्याने काढला. “अडीअडचणीला कोणाचा तरी लागतो,” तो पुटपुटला.

“अडचण आली की मी देईन.”

गाडी आली. हिवाळ्याच्या चाकांचा आवाज रस्त्यावर जरा जाड येत होता. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. छातीत एक रखरखीत जागा होती, आणि तिथे ओरेस्ट बसला होता, भुवयांवर धूळ घेऊन, छान हसत. पुलावरून जाताना खाली नदी अजून गोठली नव्हती, काळी वाहत होती, बर्फ तिच्यात पडून नाहीसा होत होता. मुलाचा बाप आज दुसऱ्यांदा गेला, असं तिच्या मनात आलं. आणि या वेळी कुणाचा काही दोष नाही असं म्हणायला कोणी दारात आलं नव्हतं. तिने ते आपणच केलं होतं. हे क्रूर आहे का? तिने स्वतःला तो प्रश्न दोनदा विचारला, आणि दोन्ही वेळा आतून आलं ते एकच: खरं आहे. तिच्या मुलाला आयुष्यभर एक खोटी भीती विकत होते सगळे, वॉल्टर, चर्च, बाटल्या विकणारे, कर्ट. खरी भीती निदान फुकट मिळते, आणि ती एकदाच घ्यावी लागते.

संध्याकाळी बीटाचं सूप गरम करत असताना टेरीचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही.

“काटा कुठे होता?”

“तळाला टेकलेला.”

“म्हणजे त्याला दिसला असेल.”

“दिसला असणारच. हमबोल्ट सोडताना कोपऱ्यावरच पंप होता. उघडा होता, मी नंतर चौकशी केली.”

“मग थांबला का नाही?”

“ते मला माहीत नाही, टेरी. कितीदा विचारलं मी त्याला. तो म्हणायचा, पोचतो.”

पलीकडे श्वास ऐकू येत होता, मोठ्या पुरुषाचा, नाकातून येणारा. सूप उकळायला लागलं. तिने गॅस बारीक केला.

“मला राग येतोय त्याचा,” टेरी म्हणाला. “मी या वयात, आई, गाडीत बसलोय पार्किंगमध्ये, जॅनिस घरी वाट बघतेय, आणि मला त्याला धरून हलवावंसं वाटतंय. मेलेल्या माणसावर असं कोणी—”

“मी करते. पस्तीस वर्षं होऊन गेली. जेवण जातं, झोप लागते. प्रेमालाही काही होत नाही त्याने. मी बघितलंय.”

तो हसला की रडला ते फोनवरून कळलं नाही. तिने विचारलंही नाही. जरा वेळाने, नाक पुसल्यावर माणूस बोलतो त्या आवाजात तो म्हणाला, “गाडी नीट चालतेय?”

“छान चालतेय. रविवारी येते तुमच्याकडे जेवायला. जॅनिसला सांग.”

तो गप्प झाला. सास्काटून ते रिजायना, सपाट, उघडा, वाऱ्याचा रस्ता त्या गप्पपणातून सबंध जाताना तिला ऐकू आला. मी न्यायला येतो, हे वाक्य त्याच्या ओठांशी आलं असणार. तिने वाट पाहिली. ते आलं नाही.

“बरं,” टेरी म्हणाला. “रस्ता बघून ये.”

“डोळे मिटून कधी चालवली होती मी?” ती म्हणाली, आणि फोन ठेवून सूप वाढून घेतलं.